270टूविन : देवगडच्या खळ्यात बसून अमेरिकेची निवडणूक (रिव्ह्यू)

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा नकाशा आपल्या हाताने रंगवून कोण जिंकेल याचा हिशोब करायची ही साईट. फुकट, लॉगिनची भानगड नाही, मोबाईलवर चालते. 5 पैकी 4 स्टार. एक स्टार का कापला ते खाली सांगते कारण खरा मुद्दा तोच आहे, ज्यांना नुसतं खेळून बघायचंय त्यांनी थेट उघडा. हे सगळं 2024 च्या दिवाळीतलं, 5 नोव्हेंबरला तिकडे मतदान होतं, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस विरुद्ध रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प.

दिवाळीत मुंबईकर गावाला आले की आमच्याकडे राजकारण निघतंच. पण त्या वर्षी 20 नोव्हेंबरला आपलीच विधानसभा, घरात दोन्ही सेनांची माणसं, शिवाय एक भाजपवाला, त्यामुळे आत्याने पहिल्याच दिवशी दम दिला की इथल्या निवडणुकीवर कोणी तोंड उघडायचं नाही. मग काय, कारीट फोडून झालं, चावदिसाचे (नरक चतुर्दशीचे) फोव म्हणजे पोहे खाऊन झाले आणि आतेभावाने खळ्यात खुर्च्या टाकून टॅबवर पेन्सिल्व्हेनिया उघडलं. त्याचा मोठा भाऊ तिकडेच आहे, एच-1बी व्हिसावर, म्हणजे मत नाही पण मतं भरपूर, व्हिडिओ कॉलवरून तोही भांडत होता.

आणि हे अगदीच रिकामटेकडेपण नाही बरं का. आबांची हापूसची कलमं आहेत आणि ट्रम्प तेव्हा सगळ्या इंपोर्टवर 10 ते 20 टक्के टॅरिफ लावायचं म्हणत होता. हापूस अमेरिकेला 2007 पासून अधिकृतपणे जातो, विकिरण करून, विमानाने, तो तसाही तिथे सोन्याच्या भावाने विकला जातो. मला कोळंबीची काळजी जास्त वाटत होती, 2024 ला भारतातल्या कोळंबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच होतं आणि किनाऱ्यावर त्याच्यावर पोट असलेली माणसं काही कमी नाहीत.

तर साईट. उघडली की 50 राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी यांचा नकाशा येतो, प्रत्येकावर त्याचा इलेक्टोरल आकडा, म्हणजे अध्यक्ष निवडताना त्याची किती मतं धरतात ते, एकूण 538, जिंकायला 270. राज्यावर बोट लावलं की रंग बदलतो आणि वरचा हिशोब लगेच हलतो. बस एवढंच, पण हे एवढंच फार भारी आहे, कारण गप्पांमधे "हवा आहे", "लाट आहे" असं काहीही फेकता येतं, इथे मात्र हवा आहे तर कुठल्या राज्यात ते बोट लावून दाखवावं लागतं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात आणि निम्मी नवीन सुरू होतात.

2024 ला खरी मारामारी सातच राज्यांत होती. पेन्सिल्व्हेनिया 19, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना 16-16, मिशिगन 15, ॲरिझोना 11, विस्कॉन्सिन 10, नेवाडा 6, मिळून 93. बाकीची राज्यं जिथल्या तिथे पक्की धरली तर हॅरिस 226, ट्रम्प 219. आता हॅरिसला पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन द्या, 44 वाढले, बरोब्बर 270, एकही जास्त नाही. आणि गंमत म्हणजे त्या 226 मधे नेब्रास्काच्या ओमाहा भागाचं एक मत धरलेलं आहे, कारण नेब्रास्का आणि मेन ही दोनच राज्यं मतदारसंघाप्रमाणे मतं वाटतात. आतेभावाने तो टीचभर चौकोन लाल, म्हणजे ट्रम्पचा, केला आणि आकडा आला 269-269! मग निकाल प्रतिनिधीगृहात, तिथे प्रत्येक राज्याला एक मत, म्हणजे पावणेचार कोटींच्या वर माणसं असलेल्या कॅलिफोर्नियाला एक आणि सहा लाख पण नसलेल्या वायोमिंगलाही एकच. हे ऐकून आत्या चहा टाकायला उठली होती ती परत बसली. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला हे असं दाखवलं असतं तर विषय आवडला असता.

जुन्या निवडणुकांचे नकाशे पण आहेत, पार 1789 पासून. 2016 आणि 2020 चे जरूर बघा. 2020 ला बायडेन 306 विरुद्ध 232 असा दणदणीत वाटतो, पण ॲरिझोना 10,457 मतांनी आणि जॉर्जिया 11,779 मतांनी आलंय. आपल्याकडे 2024 च्या जूनमधे लोकसभेला एका रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात नारायण राणे 47,858 नी आले आणि तिकडे अख्खं राज्य दहा हजारांवर!

आता पोल, म्हणजे मतदानाआधीच्या जनमत चाचण्या. साईटवर राज्यवार पोलची सरासरी मिळते, आणि इथे सगळ्यांचं डोकं फिरतं. तेव्हा सातही राज्यांत फरक एक-दोन पॉइंटच्या (टक्क्यांच्या) आसपास होता आणि आतेभाऊ "हॅरिस विस्कॉन्सिनमधे पाव पॉइंटने सरकली" असं सांगत होता जसं काही पेटीच उघडून आलाय. अरे, 800 लोकांना विचारलेल्या पोलमधे एका उमेदवाराचा आकडा साडेतीन टक्के वरखाली होऊ शकतो, आणि दोघांमधला फरक काढला की ती चूक जवळपास दुप्पट. ही नुसती सॅम्पलची चूक झाली. फोन कोण उचलतो, कोण उचलत नाही, प्रत्यक्षात मतदानाला कोण बाहेर पडेल, हे वेगळंच. 2016 ला बऱ्याच राज्यांच्या पोलनी शिक्षणाप्रमाणे वजन दिलं नव्हतं, म्हणजे कॉलेज शिकलेले लोक सॅम्पलमधे जास्त आले आणि न शिकलेले, जे ट्रम्पकडे वळले होते, ते कमी. 2020 ला ती चूक सुधारली तरी विस्कॉन्सिनमधे सरासरी बायडेनला आठेक पॉइंट पुढे दाखवत होती आणि प्रत्यक्षात आला 0.6 ने. आपण तरी कोण हसणारे, 2024 च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला 350 च्या वर देत होते, मिळाल्या 293.

तर कापलेला स्टार. साईट तुम्हाला प्रत्येक राज्य वेगवेगळं फिरवू देते, त्यामुळे वाटतं की सात राज्यं म्हणजे सात वेगळे टॉस, तीन याला चार त्याला. तसं होत नाही. खाडीत नांगरलेल्या होड्या ओहोटी लागली की एकजात तोंड फिरवतात, तसं आहे हे. पोल एका राज्यात ज्या कारणाने चुकतो त्याच कारणाने शेजारच्यातही चुकतो, आणि मतदार सरकतो तोही सगळीकडे एकदम, पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन 1992 पासून प्रत्येक वेळी एकाच पक्षाकडे गेलीत. त्यामुळे पोल बरोबरीत दिसत होते म्हणून निकालही काठावर लागेल असं अजिबात नव्हतं, सातपैकी सहा-सात एकाच्याच पदरात पडली तर मला तरी नवल वाटणार नव्हतं. कोणाच्या, ते मात्र तेव्हा विचारायचं नाही.

आबांनी विचारलंच. "अरे पण जिंकतलो कोण, ता सांग ना माका!" आम्ही सगळे गप्प. "मगे ह्यो नकाशो कित्याक?"

दुसरी उणीव, लोक का सरकतायत हे नकाशा सांगत नाही. 2024 ला लॅटिनो आणि काळे तरुण पुरुष ट्रम्पकडे थोडे झुकलेले दिसत होते, शिकलेली उपनगरं आणि बायका हॅरिसकडे, मिशिगनच्या डियरबॉर्नमधले अरब मतदार गाझावरून डेमोक्रॅट्सवर भडकले होते, मिशिगनच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानातच, लाखभर लोकांनी "कोणालाच नाही" छापाचं मत दिलं होतं. या सगळ्यासाठी दुसरीकडे वाचावं लागतं. मात्र पैसे भरून "आतली बातमी" देणाऱ्यांच्या नादाला लागू नका, आतेभावाने असल्याच एका पेड ग्रुपला पैसे भरले, नाव घेत नाही, त्यात हेच फुकटचे नकाशे स्क्रीनशॉट मारून येतात.

6 नोव्हेंबर 2024 ला इथून बघणाऱ्यांसाठी जॉर्जियाचं मतदान आपल्या पहाटे साडेपाचला संपणार होतं, पेन्सिल्व्हेनियाचं साडेसहाला, नेवाडाचं साडेआठला. पेन्सिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमधे पोस्टाने आलेली मतं मतदानाच्या दिवसाआधी मोजायला घेताच येत नव्हती, 2020 ला मंगळवारी मतदान झालं आणि निकाल कळायला शनिवार उजाडला होता, तेव्हा सकाळच्या आकड्यांवर पैजा लावण्यात अर्थ नव्हता. साईट मोठ्या स्क्रीनवर उघडा, फोनवर ऱ्होड आयलंडला बोट लावायला गेलं की कनेक्टिकट रंगतं.