फणसाच्या फळ्यांचा डेक, एक अख्खा पावसाळा काढल्यावर

कोकणात केळशीच्या घरी ओटीपुढे लाकडी डेक केला त्याला आता 14 महिने झाले, यंदाचा पाऊस तोंडावर आलाय म्हणून म्हटलं आधी लिहून टाकू. साइज 14 बाय 8 फूट. शेजारच्या काकू अजून त्याला मचाणच म्हणतात.

लाकूड घरचंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात परसातला फणस आडवा झाला, तेव्हा गिरणीवरून सव्वा इंची फळ्या कापून आणून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या, त्यामुळे चांगल्या वाळल्या होत्या. खालचे वासे ऐनाचे, मोडलेल्या गोठ्यातले. खर्च झाला तो मजुरी, स्क्रू आणि तेलाचा.

लाकडाला माझी काहीच तक्रार नाही हो, वाळवीसुद्धा नाही, पिवळं धमक होतं ते आधी तपकिरी आणि आता राखाडी पडत चाललंय एवढंच. त्रास दिला तो स्क्रूंनी. आमचे सुतारदादा म्हणाले जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, चालतील, मीही पैसे वाचतायत म्हणून हो म्हटलं, आणि समुद्र पाच मिनिटांवर, गणपतीपर्यंत डोकी गंजली आणि प्रत्येक स्क्रूभोवती काळं वर्तुळ, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की असा डाग पडतोच. ऑक्टोबरमधे सगळे काढून 316 ग्रेडचे स्टीलचे बसवले, 304 पण आणले होते पण 316 मधे मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. आधी भोक पाडून घ्या, ऐन फार कडक, नाहीतर स्क्रूच तुटतो.

दुसरी चूक फटींची. फळ्या अगदी चिकटवून बसवल्या, दिसायला छान, पण जुलैत लाकूड रुंदीला फुगलं आणि मधल्या तीन फळ्या कमानीसारख्या वर आल्या, मी अंधारात ठेचकाळलो. आता 6 मिलीमीटर फट आहे, सुतारदादांनी प्लायचा तुकडा मधे धरून बसवल्या. फटीतून नाणी आणि आईचे सुपारीचे तुकडे खाली पडतात, ते कुत्रा काढतो.

खाली दीड फूट मोकळं ठेवलंय, चिऱ्यांच्या खांबांवर, चिरा पाणी पितो म्हणून त्यावर डांबरी कागद आणि मग वासा. हवा खेळती राहते हे खरं, पण ती जागा फुरशांना, म्हणजे त्या छोट्या विषारी सापांना, पण आवडते, म्हणून बाजूंना बारीक जाळी ठोकलीय आणि रात्री टॉर्चशिवाय कोणी पायरी उतरत नाही.

तेल अळशीचं लावलं होतं, त्यावर बुरशी धरली. आता वडिलांच्या सांगण्यावरून काजूच्या टरफलाचं तेल, मासेमारीच्या होड्यांना लावायचे तेच, फक्त हातमोजे घालाच, कातडी भाजते. वास आठवडाभर जात नाही. दोन थर दिलेत, फळीच्या टोकांना तीन, कारण पाणी तिथूनच जास्त शिरतं.

उन्हाळ्यात मात्र मजा. संध्याकाळी वारा सुटला की सगळे तिथेच, आंबापोळी, आमसुलं सगळं तिथेच वाळतं. आमसुलांच्या लाल डागावर आईचं म्हणणं, डेक तुझा आहे, आमसुलं माझी.

पन्हळ आधी लावायला हवी होती. कौलांच्या पागोळ्या सरळ पहिल्या दोन फळ्यांवर पडत होत्या, त्या मऊ झाल्यात, नख रुतवलं तर आत जातं. पन्हळ परवाच लावली. त्या दोन फळ्या दिवाळीनंतर बदलीन, माळ्यावर अजून चार शिल्लक आहेत.