काट्यावर कॉइल तोलणारं दुकान: रिवाइंडिंग, गंजगोलाई, लातूर

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मोटारी भरून देणारं एक जुनं दुकान आहे. पाटी पार पुसलीय. दाराशी जळालेल्या पानबुडी मोटारींचा ढीग दिसला की तेच समजा. घरी केलेल्या पवनचक्कीच्या जनरेटरच्या ९ कॉइल मी इथून भरून घेतल्या. त्याआधी एक संच घरीच भरला होता. त्यात मोजणी चुकली, तीन फेजना तीन वेगळे व्होल्ट आले आणि तार वाया गेली.

दुकानवाल्या चाचांनी कॉइल गुंडाळायचा माझा लाकडी फर्मा उलटापालटा करून बघितला. "भाऊ, याला पत्ती कुठाय? लोखंडाबिगर करंट कसा यायचा?" वहीतलं चित्र दाखवलं. दोन लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर १२ चुंबकं, आणि मधे रेझिनमध्ये ओतलेली कॉइलची चकती. कॉइलमध्ये पत्ती, म्हणजे लोखंडी गाभा, नसली की चुंबक कुठं अडत नाही, थोड्या वाऱ्यावरही पाती सुटतात. एवढं ऐकून त्यांनी लगेच तारेचं रीळ काढलं.

वेढ्यांचा हिशोब मात्र आपणच करून न्यायचा, तो इथं मिळत नाही. माझी बॅटरी २४ व्होल्टची, चुंबकं ४६ बाय ३० मिलीमीटरची, आणि मिनिटाला २०० फेऱ्यांना चार्जिंग सुरू व्हायला हवं. त्यासाठी कॉइलला ७० वेढे, १७ गेज तार. १२ व्होल्टला ३५ वेढ्यांत भागलं असतं, पण तेवढ्याच विजेला करंट दुप्पट होतो आणि खांबापासून गोठ्यापर्यंतच्या केबलमधली नासाडी चौपट. चाचांचं म्हणणं होतं, पाऊस लागंल, पानबुडीची प्लास्टिकवाली तार टाकू. ते मी मानलं नाही. प्लास्टिक जागा खातं, कॉइल फुगते, चुंबकांमधलं अंतर वाढतं आणि व्होल्ट पडतात. पावसाला रेझिन आहे.

या दुकानाला मी पाच तारे देतोय ते पुढच्या गोष्टीसाठी. कॉइल भरून झाल्यावर चाचांनी सोनाराकडं असतो तसा छोटा काटा काढला आणि एकेक कॉइल तोलली. १९८ ग्रॅम, १९९, १९८. सातवी ठेवली तर १८४. माझ्या फर्म्यावर एक वेढा सरासरी २० सेंटीमीटरचा, म्हणजे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. सरळ ५ वेढे कमी. अख्ख्या कॉइलचा रोध ०.१५ ओहम, त्यातला एवढा फरक साध्या मीटरवर कळलाच नसता. ती भरणाऱ्या पोरावर न ओरडता चाचांनी ती कॉइल स्वतः सोडली आणि माझ्यासमोर पुन्हा भरली. सगळ्यांचे वेढे एकाच दिशेनं, सुरुवातीच्या टोकाला लाल स्लीव्ह. त्यामुळं १-४-७, २-५-८, ३-६-९ अशी एकेका फेजची जोडणी करून स्टार (तिन्ही फेजची शेवटची टोकं एकत्र) बांधताना एकदाही अडलो नाही.

तक्रार आहे, तीही लिहितो. चार दिवसांचा वायदा होता, अकरा दिवस लागले. रब्बीचं पाणी चालू, रोज जळालेल्या मोटारी येतात, त्या आधी भरायलाच पाहिजेत; शेतकरी म्हणून मला ते पटतं. पण एक फोन केला असता तर औशाहून दोन खेपा वाचल्या असत्या. टोकंही बोटभरच सोडली होती. तारेवरचा इनॅमलचा थर खरवडून नऊही कॉइलना जोड द्यावे लागले. तुम्ही वीतभर टोक आधीच सांगून ठेवा. नऊ कॉइलची मजुरी १,२०० रुपये घेतली, तार वजनावर वेगळी.

चकती बसवून हातानं सेकंदाला एक फेरा दिला, तेव्हा बाहेर आलेल्या तीन तारांच्या तिन्ही जोड्यांवर साडेपाच व्होल्टच्या आसपास एसी मिळाला, कुठंच कमीजास्त नाही. आषाढाच्या वाऱ्यात ही चक्की रात्रभर चालली. गोठ्यातले दोन दिवे आणि घरातला पंखा आता तिच्यावरच आहेत.