सात गावे, एक व्हिकर: पॅरिश जोडायचे, की फक्त पाळकाचे पद?

इंग्लंडच्या खेड्यात चर्च ऑफ इंग्लंडचे व्हिकर, म्हणजे गावचे पाळक, निवृत्त झाले की त्यांच्या जागी लगेच नवे येतीलच असे नाही. बिशप नेमणुकीचा हक्क पाच वर्षांपर्यंत स्थगित ठेवू शकतात, आणि ती मुदत वाढवताही येते. मधल्या काळात प्रभारी पाळक नेमला जातो आणि शेजारच्या गावांशी काय कसे जोडता येईल याची चाचपणी सुरू होते. पीसीसीकडे, म्हणजे पॅरिशच्या समितीकडे, डायोसीजकडून, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या कार्यालयाकडून, मत मागणारे पत्र बहुधा याच काळात येते. त्यावर काय उत्तर द्यायचे हे ठरवणाऱ्यांसाठी ही तुलना आहे.

आधी चार गोष्टी सुट्या करून घ्या. बेनिफिस हे पाळकाचे पद. पॅरिश हा सीमा आखलेला भूभाग. पीसीसी ही त्या पॅरिशची कायदेशीर समिती. पैसा आणि डागडुजी तिच्या अंगावर. चौथी गोष्ट चर्चची इमारत. यांतले एक जोडले म्हणून दुसरे जोडावेच लागते असे अजिबात नाही. डायोसीजपुढचा प्रश्न पाळकांची संख्या, पगार आणि घरे यांचा असतो, आणि तो बेनिफिस जोडून सुटतो. त्याच कागदावर पॅरिशचे विलीनीकरणही मांडलेले असेल तर ते वेगळे काढून त्याचे वेगळे कारण विचारा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि इथल्या अँग्लिकन मंडळ्या त्यात आल्या. आपल्याकडचे पास्टरेट, म्हणजे एका पाळकाखालची मंडळी, हे सभासदांचे असते. इंग्लंडमधले पॅरिश हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाचे असते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. तिथल्या खेड्यात स्थायिक झालेल्या मराठी हिंदू कुटुंबाचे नाव स्थानिक मतदारयादीत असेल, तर त्यांना चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या पदाधिकाऱ्यांच्या, निवडीत मत देता येते. पीसीसीच्या निवडीसाठी मात्र चर्चची स्वतंत्र यादी असते आणि तिच्यासाठी बाप्तिस्मा लागतो. म्हणून पॅरिशची सीमा हलली की चर्चला न जाणाऱ्यांचेही हक्क हलतात.

तुलनेसाठी एक नमुना धरू: सात गावे, सात पॅरिश, सात चर्च, एक पाळक, आणि प्रत्येक चर्चच्या यादीत पन्नासाच्या आत नावे.

एका पाळकाकडे अनेक बेनिफिस

हा सर्वांत हलका मार्ग. पदे वेगळीच राहतात, माणूस एक. बिशपच्या आदेशाने काम होते आणि पुढे सोडवायलाही सोपे. पेट्रनचे, म्हणजे पाळक सुचवण्याचा हक्क असलेल्यांचे अधिकार शाबूत राहतात. दोन किंवा तीन गावांपुरते हे चांगले चालते. सातांना लावले तर पाळक नुसता सभांमध्ये बुडतो. सात पीसीसी, प्रत्येकीच्या वर्षाला पाच सभा धरल्या तर पस्तीस संध्याकाळी गेल्या. शिवाय 31 मेच्या आत घ्यायच्या सात वार्षिक सभा.

संयुक्त बेनिफिस, पॅरिश वेगळी

पद एक होते, पॅरिश आणि पीसीसी तशाच राहतात. खेड्यांत सर्वाधिक दिसणारी ही रचना, आणि माझ्या मते बहुतेक गावांनी इथूनच सुरुवात करावी. यात भांडणे होतात ती दोन जागी.

पहिली जागा पेट्रनची. जुने पेट्रन आळीपाळीने नाव सुचवतील की त्यांचे मिळून मंडळ होईल, हे योजनेत लिहिलेले असते. पाच पेट्रन असतील आणि पाळक सरासरी आठ वर्षे टिकत असेल, तर एकाची पाळी पुन्हा यायला चाळीस वर्षे लागतात. आळीपाळीपेक्षा मंडळ बरे. त्यात प्रत्येक वेळी सगळ्यांचा आवाज असतो.

दुसरी जागा पाळकाच्या घराची. अधिकृत निवास एकच राहतो. उरलेली घरे विकली गेली तर ती रक्कम गावाच्या पीसीसीकडे येत नाही, डायोसीजच्या खात्यात जाते. गावकऱ्यांना हे विक्रीनंतर कळते आणि मग कडवटपणा वर्षानुवर्षे राहतो. पत्राच्या उत्तरातच घराचे काय होणार हे विचारा.

रविवारचे गणितही इथेच मांडा. एक पाळक सकाळी आठ, साडेनऊ आणि अकरा अशा फार तर तीन उपासना घेऊ शकतो, तेही गावे पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर असतील तर. चार रविवारांच्या बारा उपासना झाल्या. सात चर्चना त्या वाटल्या तर पाच ठिकाणी महिन्यातून दोन आणि दोन ठिकाणी एक. पाचवा रविवार सगळ्यांचा एकत्र. पूर्वीच्या नियमाने प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये दर रविवारी उपासना अपेक्षित होती. 2019 मध्ये कॅनन, म्हणजे चर्चचे नियम, बदलले, तेव्हापासून ती अट संपूर्ण बेनिफिस मिळून पुरी करता येते. त्यामुळे 'रविवारची सक्ती टाळायला विलीनीकरण हवे' हा युक्तिवाद आता लागू पडत नाही. जुन्या टिपणांतून तो अजून उचलला जातो, म्हणून सांगितले.

पॅरिश ठेवून एकच संयुक्त समिती

2020 पासून लागू झालेल्या चर्च प्रतिनिधित्व नियमांनी ही वाट मोकळी केली. प्रत्येक पॅरिशच्या वार्षिक सभेने मंजुरी दिली की पीसीसींची कामे एका संयुक्त समितीकडे सोपवता येतात. पॅरिश आणि तिची सीमा पुसली जात नाही. सात खजिनदार, सात सचिव आणि सात बालसुरक्षा अधिकारी शोधत बसण्याची पाळी टळते, आणि खेड्यात खरी टंचाई याच माणसांची असते.

काळजी योजनेच्या मजकुराची घ्यावी लागते. कोणती कामे गेली, पैसा आणि देणी कोणाच्या नावावर, प्रत्येक गावाच्या जागा किती, हे स्पष्ट लिहा. आणखी एक आकडा तपासा: पीसीसीचे वार्षिक उत्पन्न 1,00,000 पौंडांच्या वर गेले की धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते. सात छोटी उत्पन्ने एका खात्यात आली की ही रेषा सहज ओलांडली जाते. ते संकट नाही, पण खजिनदाराला आधी माहीत हवे.

पॅरिशचे विलीनीकरण

इथे सात पॅरिश कायद्याने संपतात आणि एक नवे होते. कागदपत्र कमी होईल या आशेने हा पर्याय निवडला जातो. तो हिशेब पुरा करून पाहा. सातही इमारती पॅरिश चर्च म्हणून राहिल्या तर प्रत्येकीचे दोन, असे चौदा चर्चवॉर्डन कायम राहतात आणि ते पीसीसीचे पदसिद्ध सदस्य असतात. सातांच्या याद्या मिळून 180 नावे झाली, तर निवडून येणारे सदस्य बारा. म्हणजे निवडून आलेल्यांपेक्षा वॉर्डन जास्त. छपरे सातच राहतात, दर पाच वर्षांची वास्तुतपासणीही सात इमारतींची करावी लागते.

मग गावे 'आमची स्थानिक समिती हवी' म्हणतात आणि गावागावासाठी 'डिस्ट्रिक्ट चर्च काउन्सिल' नावाच्या समित्या नेमल्या जातात. बिघाड नेमका इथून सुरू होतो. या समितीला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. तिच्या नावाचे बँक खाते असले तरी तो पैसा पीसीसीचा, आणि हिशेब पीसीसीच्या ताळेबंदात यावाच लागतो. एका गावाने छपराचे काम परस्पर दिले, तर देणे सगळ्यांच्या अंगावर. सहा ठिकाणच्या पासबुकांची वाट पाहत थांबलेला खजिनदार लवकरच राजीनामा देतो.

पैशाचे आणखी एक. 'अमुक गावच्या दफनभूमीच्या देखभालीसाठी' म्हणून ठेवलेली देणगी विलीनीकरणानंतरही त्याच कामाला बांधलेली राहते. एखाद्या जुन्या न्यासाचे लाभक्षेत्र 'अमुक पॅरिश' असे लिहिलेले असेल, तर त्या शब्दांचा नव्या नकाशावर काय अर्थ लागतो ते योजना मंजूर होण्याआधी वकिलाला विचारा. सर्व न्यासांची यादी आधी करा, मतदान नंतर.

हक्कांपैकी दफनाचा हक्क सर्वांत नाजूक. पॅरिशच्या रहिवाशाला तिथल्या चालू दफनभूमीत पुरले जाण्याचा हक्क आहे. सात गावांपैकी दोनच ठिकाणी जागा उरली असेल, तर विलीनीकरणानंतर सातही गावांचा त्या दोन्हींवर हक्क येतो. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना हे मतदानाआधी कळायलाच हवे. लग्नाचा मुद्दा तितका वजनदार नाही. 2008 च्या लग्नविषयक कायद्याने पूर्वी सहा महिने तिथे राहिलेल्यांना, तिथे बाप्तिस्मा झालेल्यांना किंवा आईवडील वा आजीआजोबांचे लग्न तिथे झालेल्यांना त्या चर्चमध्ये लग्न करता येतेच.

विलीनीकरण कुठे योग्य? दोन पॅरिशची वस्ती एकमेकींत मिसळून गेली आहे, किंवा एका गावात वॉर्डन व्हायला वर्षानुवर्षे कोणी उभेच राहत नाही, अशा ठिकाणी जरूर. इमारत टिकवायची पण नियमित उपासना शक्य नाही, एवढाच प्रश्न असेल, तर सणांपुरते चर्च उघडण्याचा मार्ग आहे. त्यासाठी पॅरिश मोडावे लागत नाही.

टीम, ग्रुप आणि मोठी क्षेत्रे

टीममध्ये एक टीम रेक्टर, म्हणजे प्रमुख पाळक, आणि त्यांच्याबरोबर टीम व्हिकर असतात. किमान दोन पगारी पाळक खरोखर मिळणार असतील तरच ती मागा, नाहीतर नाव टीमचे आणि माणूस एकच अशी गत होते. ग्रुपमध्ये प्रत्येकाचे बेनिफिस स्वतंत्र राहते आणि पाळक एकमेकांच्या हद्दीत सेवा करू शकतात. लिंकनशरमधला साउथ ऑर्म्सबीचा ग्रुप 1949 मध्ये सुरू झाला, इतकी ही कल्पना जुनी.

लेस्टर डायोसीजच्या सिनॉडने, म्हणजे प्रतिनिधीसभेने, ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्या पॅरिशची 20 ते 25 'मिन्स्टर कम्युनिटी'त, म्हणजे अनेक पॅरिशांच्या गटांत, बांधणी मंजूर केली. वेल्समध्ये 2012 च्या अहवालानंतर मोठी सेवाक्षेत्रे आली. वेल्सचे चर्च 1920 पासून राज्यसंस्थेपासून वेगळे असल्याने त्याला आपल्या रचनेचे नियम स्वतः बदलता येतात. इंग्लंडमध्ये तीच गोष्ट 2011 च्या 'मिशन अँड पॅस्टोरल मेझर' या चर्चविषयक कायद्याच्या चौकटीतून न्यावी लागते. 'वेल्सने केले तसे करू' म्हणणाऱ्यांनी हा फरक धरावा. मोठ्या क्षेत्रात कार्यालय आणि पगारी प्रशासक परवडतो, हा खरा फायदा. तोटाही खराच: अंत्यविधीला कोण येणार हे गावाला माहीत नसते. ज्या योजनेत प्रत्येक गावासाठी नावानिशी एक माणूस ठरलेला नाही, पाळक असो वा रीडर (उपासना चालवणारा, पण पाळक नसलेला सेवक), तिला होकार देऊ नये.

सीमा बदलायची असेल तर

बेनिफिस जोडताना सीमाही नीट करून घेऊ, हा मोह होतो. खडूच्या टेकड्यांलगतची पॅरिश लांब पट्ट्यांसारखी आहेत, कारण प्रत्येक गावाला वरचे कुरण, मधली शेते आणि खालचा ओढा हवा होता. अशी सीमा नकाशावर वेडीवाकडी दिसते म्हणून सरळ करू नका. नवी वसाहत दोन पॅरिशांत चिरली गेली असेल किंवा बाह्यवळण रस्त्याने पाच-दहा घरे आपल्या चर्चपासून तुटली असतील, तर मात्र बदला. 1894 च्या कायद्याने खेड्यांतली नागरी पॅरिश काउन्सिले वेगळी झाली. चर्चची सीमा बदलल्याने त्यांची सीमा बदलत नाही. गावातल्या सभेत हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर अर्धा वेळ काउन्सिल टॅक्स या स्थानिक करावर जातो.

उत्तर कसे द्यावे

मसुदा निघण्याआधी पीसीसी, पेट्रन आणि पाळक यांचे मत घेणे बंधनकारक आहे. बदल खरोखर होतात ते याच टप्प्यावर. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर लेखी म्हणणे द्यायला 28 दिवस असतात, आणि ते कोणीही देऊ शकतो. पीसीसीची सभा दोन महिन्यांतून एकदा होत असेल तर 28 दिवस सभेविनाच निघून जातात. आधीच खास सभेची तारीख राखून ठेवा. विरोध असेल तर तो चर्च कमिशनर्स या चर्चच्या मध्यवर्ती मंडळापुढे जातो, आणि त्यांनी योजना उचलून धरली तर परवानगी घेऊन प्रिव्ही काउन्सिलच्या न्यायसमितीकडे अपील करता येते.

पत्रात पाठिंबा की विरोध हे पहिल्या ओळीत लिहा. 'गावाची ओळख जाईल' एवढ्यावर थांबू नका. रविवारचा तक्ता, दफनभूमीत उरलेल्या जागा, न्यासांची यादी आणि पुढच्या तीन वर्षांत वॉर्डन व खजिनदार व्हायला तयार असलेल्यांची संख्या जोडा. विरोध विलीनीकरणालाच असेल आणि संयुक्त बेनिफिस मान्य असेल, तर तेही त्याच पत्रात स्पष्ट करा.