आयकॉनसाठी परवानगी मागावी की खुला संच घ्यावा?

बिलिंगचं सॉफ्टवेअर तयार आहे आणि दुसऱ्या कंपनीच्या प्रॉडक्टमधले आयकॉन तुमच्या डोळ्यांत भरलेत. सेव्ह, प्रिंट, शोधा असल्या बटणांसाठी परवानगीच्या फंदात पडूच नये, खुला संच, म्हणजे वापराचा परवाना आधीच सगळ्यांना दिलेला आयकॉनचा संग्रह घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवानगीसाठी पत्र लिहायचं आणि वाट बघायची. उत्तर आलं नाही, तर तो होकार नव्हे. 'वापरा हो' असं कुणी फोनवर म्हटलं, तरी भागत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३० प्रमाणे परवाना लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईत एखादा ग्राहक असला की पंचाईत! म्हणून कोणते आयकॉन, किती वर्षं, कोणते देश, रंग बदलता येतील का, हे सगळं लिहून घ्या. ते पुढे इतरांना देता येतील का, हे विचारायचं हमखास राहून जातं. डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं २००६ मध्ये इथेच अडलं. फायरफॉक्स ब्राउझरच्या लोगोचा परवाना त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या (कुणीही बदलून पुढे देऊ शकेल अशा) नियमांत बसेना, म्हणून त्यांनी ब्राउझरचं नावच आइसवीझल केलं. जुनं नाव परत यायला २०१६ उजाडलं.

खुल्या संचांत हा व्याप नाही. गूगलचे मटेरियल आयकॉन अपाचे २.० परवान्याखाली आहेत, मायक्रोसॉफ्टचे फ्लुएंट आयकॉन एमआयटी नावाच्या परवान्याखाली. विकायच्या सॉफ्टवेअरमध्येही चालतात, परवान्याचा मजकूर मात्र सोबत ठेवायचा. फॉन्ट ऑसम या संचातले मोफत आयकॉन वापरताना श्रेय द्यावं लागतं. ते फाइलमधल्या टिपणीतच लिहिलेलं असतं. बिल्ड करताना (सॉफ्टवेअर अंतिम रूपात तयार करताना) फाइली आटोपशीर करणारं टूल ती टिपणी उडवत नाही ना, एवढं बघा.

फुकट डाउनलोड होतं ते सगळं खुलं नसतं. अ‍ॅपलच्या एसएफ सिम्बॉल्स संचातले आयकॉन अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये चालत नाहीत, आणि लोगो म्हणून तर कुठेच नाहीत.

आयकॉन म्हणजे त्या कंपनीचा लोगोच असेल, तर गोष्ट वेगळी. तो खुल्या संचात सापडला तरी ट्रेडमार्क कंपनीचाच राहतो. तिथे तिची ब्रँड नियमावली, म्हणजे लोगो कसा वापरायचा याचे नियम पाळायचे. गूगल लॉगिनच्या बटणावरचा 'जी' आपल्या थीमच्या रंगात रंगवायचा नाही, तो त्याच्या मूळ रंगांतच हवा. नियमावलीत बसत असेल तर बहुतेकदा पत्राची गरजच पडत नाही. बसत नसेल, तरच पत्र लिहा.