घरचा व्हिडिओ एडिटरमध्ये अडला: डबा बदलायचा, प्रॉक्सी करायची की सगळं कन्व्हर्ट करायचं?

बडोद्यातल्या एखाद्या मराठी घरी वडिलांच्या साठीसाठी तासाभराची फिल्म करायची ठरते, तेव्हा हार्ड डिस्कवर साधारण हा माल असतो: मुंजीच्या मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेली एव्हीआय फाइल, हँडीकॅमवरचं सूरसागरचं गणपती विसर्जन एमटीएसमध्ये, आणि नवरात्रातला गरबा दोन-तीन फोनवर. एडिटरमध्ये टाकलं की एक फाइल उघडत नाही, दुसरी अडखळते, तिसरीत ढोल आणि टिपऱ्यांचा मेळ सुटतो. मग कुणीतरी सुचवतं, "आधी सगळं एमपी४ करून घ्या." हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, कारण या तिन्ही तक्रारींचा उपाय एक नाही.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एमटीएस हे डबे आहेत. आतली भाजी म्हणजे कोडेक, चित्र दाबून साठवायची पद्धत: एच.२६४, एचईव्हीसी, डीव्ही. म्हणून आधी मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून चार गोष्टी टिपा: कोडेक, बिट डेप्थ (रंगाची बारकाई, ८ की १० बिट), फ्रेम रेट मोड (सेकंदाला फ्रेम एकसारख्या की कमीजास्त) आणि स्कॅन टाइप (फ्रेम अखंड की दोन अर्ध्यांत). दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

नुसता डबा बदलणे (रीमक्स)

फाइल उघडतच नसेल, पण व्हीएलसीत नीट चालत असेल, तर पहिला प्रयत्न हाच करा. ॲव्हिडेमक्स या छोट्या व्हिडिओ प्रोग्राममध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे 'कॉपी' ठेवा, आउटपुट फॉरमॅट 'एमपी४ मक्सर' निवडा आणि सेव्ह करा. पुन्हा एन्कोडिंग होत नाही, त्यामुळे दर्जा तोच, आकार जवळपास तोच, आणि वेळ फाइल कॉपी व्हायला लागेल तेवढाच. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डरमधून रेकॉर्ड केलेल्या एमकेव्हीसाठी तर त्याच्याच फाइल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे.

मर्यादाही लक्षात घ्या. अडखळणारी फाइल डबा बदलून अडखळायची थांबत नाही, आणि आवाज सरकत असेल तर तो सरकतच राहतो. एमटीएसमध्ये आणखी एक खोच आहे: लांब शॉट कॅमेरा अनेक फाइलींत तोडून ठेवतो. त्या सुट्या ओढून जोडल्या की सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. कार्डावरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करून ठेवा आणि शॉट कॅमेऱ्याच्याच इम्पोर्ट सॉफ्टवेअरने उतरवा, म्हणजे तो अखंड मिळतो.

प्रॉक्सी

चित्र अडखळतं त्याचं कारण बहुधा फाइल खराब असणं नसतं. एच.२६४ आणि एचईव्हीसी यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, बऱ्याच फ्रेममध्ये फक्त शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. टाइमलाइनवर मध्येच कुठे क्लिक केलं की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब करत यावं लागतं. त्यात एचईव्हीसी डीकोड करणारं हार्डवेअर नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलमध्ये ८-बिट एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून आणि १०-बिट सातव्या पिढीपासून हार्डवेअरमध्ये होतं. लॅपटॉप त्याआधीचा असेल तर ४के गरब्याशी झुंजू नका.

प्रॉक्सी म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल. एडिटरनुसार पर्याय असा: शॉटकटमध्ये सेटिंग्ज मेनूतून 'यूज प्रॉक्सी' सुरू केलं की पुरतं, केडेनलाइव्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'प्रॉक्सी क्लिप', दाविंची रिझॉल्व्हमध्ये 'जनरेट प्रॉक्सी मीडिया'. कापाकापी नकलेवर होते आणि अंतिम फिल्म मूळ फाइलींतून निघते. एक्स्पोर्टच्या वेळी प्रॉक्सी वापरण्याचा पर्याय बंद आहे ना, हे मात्र डोळ्यांनी बघा. फिल्म धूसर निघाली तर पहिला संशय तिथे घ्यावा. घरच्या कामासाठी आमची पसंती निःसंशय प्रॉक्सीला आहे.

इंटरमीजिएट कोडेकमध्ये कन्व्हर्ट करणे

इंटरमीजिएट म्हणजे एडिटिंगसाठीचे मधले कोडेक. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, म्हणून टाइमलाइन लोण्यासारखी चालते. किंमत जागेत मोजावी लागते. आयफोनचं ४के, ३० फ्रेमचं एचईव्हीसी मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतं, म्हणजे तासाला १० जीबीच्या आसपास. तेच प्रोरेस ४२२ मध्ये तासाला २६५ जीबीच्या घरात जातं. सेकंदाला सुमारे ७४ एमबी. दोन ट्रॅक एकदम चालवले की साधी फिरती हार्ड डिस्कच अडखळायला लागते, आणि जो त्रास घालवायचा होता तोच दुसऱ्या दाराने परत येतो. १०८०पी, २५ फ्रेमला मात्र तासाला ५५ जीबी लागतात, ते एसएसडीवर सहज झेपतं.

हा मार्ग खरोखर कुणाचा? लिनक्सवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांचा, कारण ती एच.२६४, एचईव्हीसी आणि एएसी आवाज घेत नाही. तिथे ऑडिओही पीसीएममध्ये (न दाबलेल्या आवाजात) बदलून घ्यावा लागतो. फक्त घरची फिल्म करायची असेल तर लिनक्सवर सरळ केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या.

जिथे कन्व्हर्ट करायलाच हवं

दोन रोग प्रॉक्सीने जात नाहीत. पहिला, सरकणारा आवाज. फोन उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो, म्हणजे मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' दिसतो. एडिटरने ती ३० फ्रेमची एकसारखी फाइल धरली तर सुरुवातीला सगळं जुळतं आणि दहाव्या मिनिटाला हात आधी जुळतात, टाळी नंतर वाजते. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये फ्रेम रेट ३०, खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', क्वालिटी आरएफ १६ ते १८ (आकडा लहान तितका दर्जा जास्त) ठेवून फक्त त्याच फाइली बदला. क्लिप एडिट करण्याआधीच हे करा, नंतर केलं तर कापलेल्या जागा हलतात.

दुसरा, कंगव्याच्या दातांसारख्या रेषा. डीव्ही हे ७२० × ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड असतं. प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळ्या क्षणांची दोन अर्धी चित्रं. हँडब्रेकच्या डीइंटरलेसमध्ये 'बॉब' प्रीसेट आणि फ्रेम रेट ५० घेतला तर दोन्ही अर्धी चित्रं वाचतात आणि हालचाल मूळ कॅसेटसारखी सलग दिसते. २५ वर ठेवलं तर फाइल लहान होते, पण निम्मी हालचाल जाते. मुंजीतल्या होमासमोरच्या स्थिर शॉटला ते चालेल, वरातीला नाही. डीव्हीचे पिक्सेल चौकोनीही नसतात: रुंद पडद्याच्या कॅसेटमधली माणसं उंच-काटकुळी दिसली तर क्लिपचा आस्पेक्ट रेशो १६:९ करा. आणि मूळ डीव्ही एव्हीआय पुसू नका. तासाला १३ जीबी फार नाहीत, कॅसेट पुन्हा चालेलच याची खात्री नसते.

प्रोजेक्ट २५ चा की ३० चा?

३० फ्रेमचा गरबा २५ च्या प्रोजेक्टमध्ये टाकला की दर सहावी फ्रेम गळते आणि गोल फिरणाऱ्या घागऱ्यात झटका दिसतो. म्हणून ज्या चित्रणात सर्वांत जास्त हालचाल, त्याचा फ्रेम रेट प्रोजेक्टला द्या. स्थिर शॉट तडजोड सोसतात.

या नवरात्रापासून शक्य असेल तर २५ वरच शूट करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, मैदानावरचे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि २५ फ्रेमला १/५० शटर जोडलं की चित्रातले पट्टे बहुतेक जातात. आयफोनमध्ये कॅमेरा सेटिंग्जच्या 'रेकॉर्ड व्हिडिओ'त 'शो पाल फॉरमॅट्स' सुरू केल्यावर २५ चा पर्याय दिसतो. तिथेच 'एचडीआर व्हिडिओ' (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारं चित्रण) बंद करा, नाहीतर साध्या प्रोजेक्टमध्ये रंग फिकट किंवा भडक उतरतात. आणि नातेवाइकांना क्लिप मागताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायला सांगा. गॅलरीतून साधा व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप दाबली गेलेली असते, त्यातला बारकावा कुठलंही कन्व्हर्टर परत आणत नाही.