शौचाची तपासणी की दुर्बीण? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी गावात राहून निवड करताना

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी साध्या पॉलिपच्या, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेल्या छोट्या गाठीच्या, रूपात असतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात, आणि स्क्रीनिंगचा, म्हणजे तक्रार नसताना केलेल्या तपासणीचा, सगळा डाव या दहा वर्षांवर आहे. ते पकडायचे दोन रस्ते आहेत. एक, दरवर्षी किंवा वर्षाआड शौचाचा कणभर नमुना देऊन न दिसणारे रक्त शोधणे. दुसरा, थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण घालून पूर्ण मोठे आतडे पाहणे आणि पॉलिप दिसला तर तिथेच काढणे.

या निवडीत न बसणारी माणसे आधी बाजूला काढू. संडासातून रक्त जाते, शौचाची सवय बदलून महिना झाला, वजन कारणाशिवाय उतरले, पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या बाईचे हिमोग्लोबिन खाली आले, तर हे स्क्रीनिंगचे प्रकरण राहत नाही, सरळ डॉक्टरकडे जायचे. ‘मूळव्याधच असेल’ म्हणत मलम आणि जडीबुटीवर सहा महिने काढणे फार महाग पडते. सिकलसेलच्या (आनुवंशिक रक्तदोषाच्या) रुग्णाचे रक्त कमीच असते, म्हणून त्याच्यात नवी घट नजरेतून सुटते, हेही आपल्या विदर्भात ध्यानात ठेवावे. आई, वडील, भाऊ किंवा बहिणीला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीपासून, किंवा नातेवाइकाला झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून (जे आधी येईल ते) दुर्बीणच करावी. उरले ते पन्नाशी ओलांडलेले, तक्रार नसलेले लोक. पुढचा मजकूर त्यांच्यासाठी.

मृत्यू किती कमी होतात?

शौचाच्या तपासणीचा पुरावा सर्वांत जुना आहे. अमेरिकेतील मिनेसोटात 46 हजारांवर लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1993 साली आले: दरवर्षी तपासणी झालेल्या गटात 13 वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधील फ्युनेन इथे वर्षाआड तपासणी होती, तिथे 1996 मध्ये घट दिसली ती अनुक्रमे 15 आणि 18 टक्के. टक्के ऐकून हुरळून जाऊ नये. मिनेसोटातला हिशेब माणसांत मांडला तर 13 वर्षांत दर हजारी सुमारे 9 मृत्यूंच्या जागी 6 झाले. शिवाय सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत फरक दिसला नाही. वाचतो तो या एका आजाराचा मृत्यू.

दुर्बिणीचा मोठा अभ्यास 2022 मध्ये आला. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ज्यांना बोलावणे गेले त्यांच्यात दहा वर्षांत कॅन्सर 18 टक्क्यांनी कमी झाला, पण मृत्यूंत ठामपणे सांगावी अशी घट दिसली नाही: 0.31 च्या जागी 0.28 टक्के. कारण साधे आहे. बोलावलेल्यांपैकी आलेच 42 टक्के. आलेल्यांपुरता हिशेब लावला तर मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. स्पेनमध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या तेव्हा 2025 च्या निकालात दहा वर्षांचे मृत्यू जवळजवळ सारखेच निघाले: दुर्बिणीत 0.22, शौच तपासणीत 0.24 टक्के. दुर्बीण एका माणसासाठी जास्त पक्की, पण तिला लोक कमी येतात. गावपातळीवर दोन्हींचा हिशेब जुळतो तो इथे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मोजावी लागते. भारतात हा कॅन्सर पश्चिमेच्या मानाने बराच कमी आहे, त्यामुळे टक्क्यांतली घट तेवढीच धरली तरी वाचणारे जीव कमी. केंद्र सरकारच्या 2016 च्या स्क्रीनिंग आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही, आणि तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पट्ट्यात हा क्रम बरोबरच आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाल्याचे 2009 मध्ये दिसले. ग्रामपंचायतीच्या हातात शिबिराचा पैसा एकदाच येणार असेल, तर तो आधी तिथे लावावा.

शौच तपासणी

लॅबमध्ये ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ (शौचातले न दिसणारे रक्त) एवढेच म्हणू नका, ‘फिट’ (FIT) मागा. जुनी ग्वायक पद्धत मटण आणि मुळ्याने खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी खोटी निगेटिव्ह. नवी ‘फिट’ माणसाच्याच हिमोग्लोबिनवर चालते, पोळ्याच्या करीला मटण खाल्ले तरी तिला फरक पडत नाही. कॅन्सर असलेल्या शंभरांपैकी सुमारे 79 जणांना ती एका फेरीत पकडते, पॉलिप मात्र पुष्कळ सुटतात. म्हणून ती पुन्हा पुन्हा करायची असते. एकदा निगेटिव्ह आली म्हणून सुटलो, असे नाही.

नमुना घेताना शौच पाण्यात किंवा हार्पिकमध्ये पडू देऊ नका, भांड्यावर कागद पसरा. लॅबने दिलेल्या नमुन्याच्या नळीतल्या काडीने शौचात चार-पाच ठिकाणी टोचा, काडीच्या खाचा भरल्या की पुरे. जास्त भरलेला नमुना चुकीचा आकडा देतो. झाकण घट्ट लावा, तारीख लिहा. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीचे रक्त पडत असताना नमुना देऊ नये.

विदर्भात खरी अडचण उन्हाची. उष्णतेने नमुन्यातले हिमोग्लोबिन मोडते आणि असलेले रक्त ‘नाही’ दिसते. इटलीत हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात पॉझिटिव्ह कमी येतात, तिथे ही गत, तर चंद्रपूरच्या 45 अंशांत आशाताईच्या पिशवीत दोन दिवस फिरलेल्या नळीचे काय होईल! शिबिर दिवाळीनंतर आणि होळीच्या आत घ्या, नळी फ्रीजमध्ये ठेवा (बर्फाच्या कप्प्यात नाही), त्याच किंवा दुसऱ्या दिवशी लॅबला पोचवा.

दुसरी चूक शिबिरवाल्यांची: नळ्या वाटायच्या आणि दुर्बिणीची सोय नंतर बघू म्हणायचे. किती रक्ताला पॉझिटिव्ह म्हणायचे ही हद्द कुठे ठेवली यावर अवलंबून, हजारांत 20 ते 70 जण पॉझिटिव्ह येऊ शकतात. बहुतेकांना कॅन्सर नसतो, पण दुर्बीण सगळ्यांनाच लागते. इटलीतील एका अभ्यासात पॉझिटिव्ह येऊनही दुर्बीण न केलेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू करणाऱ्यांच्या दुप्पट होते. दहा महिन्यांपुढे ढकलले तर धोका वाढतो, तेव्हा तारखा आधी, नळ्या मागाहून. ‘परत शौच तपासून पाहू’ हा पर्याय नाही. दुसरी निगेटिव्ह पहिल्या पॉझिटिव्हला खोडत नाही.

दुर्बीण

आतडे स्वच्छ, भूल नीट आणि डॉक्टरचा हात बसलेला असेल तर एका दिवसात काम होते. निर्मळ निघाली तर दहा वर्षे पुन्हा लागत नाही. धोका लहान, पण आहे: आतड्याला छिद्र पडणे दहा हजारांत तीन-चार, मोठा रक्तस्राव दहा हजारांत पंधराच्या आसपास.

बिघडते ते तयारीत. दोन-तीन दिवस आधीपासून तीळ, जवस, वांगी, टमाटर, पालेभाज्या आणि भाकर बंद. पातळ वरण-भात चालतो. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरला विचारावे. साखरेच्या औषधाचेही तसेच. आतडे साफ करणारी पावडर 2 ते 4 लिटर पाण्यात, अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी पहाटे. सिकलसेल असेल तर आधीच सांगा: शरीरातले पाणी कमी झाले की दुखणे उठू शकते, भरती करून सलाइन लावावे लागू शकते.

धारणीहून अमरावतीला किंवा भामरागडहून नागपूरला जाणाऱ्याचा घोळ इथेच होतो. पहाटेचा डोस आणि एसटीचा प्रवास एका वेळी येतो, म्हणून लोक दुसरा डोस टाळतात. मग उजवीकडचे आतडे घाणेरडे दिसते, पॉलिप सुटतो, डॉक्टर पुन्हा बोलावतो. आदल्या दुपारीच शहरात पोचा, संडासाची सोय असलेल्या नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत थांबा. शौच पाण्यासारखे पिवळसर आणि पारदर्शक झाले की तयारी पुरी. भूल दिल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत एक माणूस हवाच.

जवळ शहर आहे, सोबतीला माणूस आहे, खर्च झेपतो, त्याने एकदाच दुर्बीण करून घ्यावी. दूरच्या गावात फिट बरी, पण पॉझिटिव्ह आल्यास कुठे आणि कधी जायचे हे ठरलेले असेल तरच. तेवढे ठरत नसेल, तर नळी घेऊ नका. अहवाल हातात आल्यावर दोन गोष्टी मात्र विचाराच: दुर्बीण आतड्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, पोचली का, आणि तयारी ‘चांगली’ लिहिली आहे का. यापैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर ती दुर्बीण दहा वर्षांसाठी धरू नका.