मुलांचं मासिक की चित्रपुस्तकं? संपादनात शिरण्याआधी

मुलांसाठीच्या मजकुराचं संपादन करायचं ठरवलं की मराठीत मुख्यतः दोन वाटा दिसतात: मुलांचं मासिक, नाहीतर चित्रपुस्तकं काढणारी प्रकाशन संस्था. मी दोन्हीकडे काम केलंय.

शिकायला मासिकासारखी जागा नाही. कथा, कविता, कोडी, विज्ञानाचा लेख, सगळं एकाच अंकात हाताखालून जातं. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, ते चाळलेत तर हा आवाका लक्षात येईल. शिवाय अंक निघाला की मुलांची पत्रं येतात. पुस्तकांच्या कामात वाचक इतक्या लवकर भेटत नाही.

माझं बिनसलं ते चित्रांवरून. मी होतो त्या मासिकात कथेला दोन पानं म्हणजे दोनच. मजकूर लावून झाला की उरलेल्या जागेत चित्र, आणि चित्रकाराच्या हाती कथा पडायची ती अंक छपाईला जायच्या तोंडावर. मग कथेत जे लिहिलंय तेच चित्रात पुन्हा यायचं. चित्रामुळे एखादी ओळ नकोशी झाली, तरी ती काढायला तोवर वेळ उरलेला नसायचा. महिन्यामागून महिने हे टोचत राहिलं.

चित्रपुस्तकात संपादकाचं खरं काम इथेच सुरू होतं. १६, २४ किंवा ३२ पानं ठरली की कच्ची डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने जुळवलेला नमुना, करायची आणि पान उलटल्यावर मुलाला काय दिसेल ते बघायचं. चित्रात पाऊस कोसळतोय? मग ‘पाऊस पडत होता’ हे वाक्य काढून टाकायचं. नुकतंच वाचायला लागलेल्या मुलासाठी एकेक जोडाक्षर तोलायचं. पुस्तक इतर भाषांतही निघणार असेल तर छापताना फक्त काळी प्लेट, म्हणजे काळ्या शाईतल्या मजकुराचा छपाईचा साचा, बदलतात, म्हणून चित्रातल्या दुकानाच्या पाटीवर रंगीत अक्षरं नकोत, हे चित्रकाराला आधीच सांगायचं. एका पुस्तकात वर्षही जाऊ शकतं. दर महिन्याला काहीतरी छापून हातात हवं असेल, तर हे कदाचित जड जाईल.

पैशाच्या बाबतीत मला फार फरक जाणवला नाही. जागा दोन्हीकडे मोजक्याच, आणि जोडीला अनुवाद किंवा मुद्रितशोधन करणारे बरेच.

प्रत्येकाचा पिंड वेगळा, त्यामुळे मासिकात रमणारेही असतील. मात्र मुलाखतीला कुठेही गेलात तरी एक विचाराच: चित्रकाराशी संपादक स्वतः बोलतो का, आणि चित्रं आल्यावर मजकूर बदलता येतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मी तरी ती जागा घेणार नाही.